टायपोग्राफीच्या पदव्युत्तर अर्जाआधीची तयारी

आधी एका प्रश्नाचा निकाल लावा: तुम्हाला अक्षरं घडवायची आहेत, की घडलेली अक्षरं वापरून पुस्तकं, नकाशे, स्क्रीन रचायचे आहेत? बाहेरून दोन्ही एकच वाटतं, पण अभ्यासक्रम वेगळे आहेत. ब्रिटनमधलं रेडिंग विद्यापीठ आणि नेदरलँड्समधल्या हेगची रॉयल अकादमी इथले टाइप डिझाइनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम थेट फॉन्ट घडवण्याभोवती फिरतात. रेडिंगमध्ये संशोधन आणि प्रबंधाला वजन आहे, तर हेगमध्ये दगडात अक्षरं कोरण्यापासून पायथनमध्ये कोड लिहिण्यापर्यंत सगळं करावं लागतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातलं दोन वर्षांचं एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) व्यापक आहे. तिथे टायपोग्राफी हा दृश्य संवादाचा एक भाग असतो आणि दारात सीड ही प्रवेश परीक्षा उभी असते. हे ठरल्याशिवाय पोर्टफोलिओला हात लावू नका, कारण त्यात काय ठेवायचं ते यावरच ठरतं.

पोर्टफोलिओतून काढून टाकायच्या गोष्टींना जास्त वेळ द्या. ढीगभर पोस्टरांपेक्षा एकच काम मुळापासून दाखवलेलं बरं: कच्ची रेखाटनं, फसलेले पर्याय, प्रिंटवर पेनानं केलेल्या दुरुस्त्या आणि मग अंतिम रूप. निवड करणाऱ्यांना तुमची नजर कुठे अडखळते आणि का, हे बघायचं असतं. लांब मजकुराचं एक तरी काम हवंच, ज्यात मथळ्यांच्या दोन-तीन पातळ्या, तक्ते, तळटीपा, सूची असेल. पोस्टरवर चार शब्द कसेही उभे राहतात, खरा कस सलग दोनशे पानांत लागतो. (मॉकअपमधले, म्हणजे डिझाइन वस्तूवर कसं दिसेल हे दाखवणाऱ्या तयार चित्रांमधले, चकचकीत कॉफीचे कप कृपया वगळा.)

हातानं लिहायचा सराव आत्ताच सुरू करा. रुंद टोकाच्या पेनात जाड-बारीकपणा दिशेमुळे येतो, लवचिक टोकदार निबात दाबामुळे. हा फरक मनगटात मुरला की संगणकावर अक्षराची कड आखणारे बेझियर वक्र ओढताना बिंदू कुठे ठेवायचा ते कळू लागतं. देवनागरीसाठी बोरूनं लिहा.

आणि देवनागरी येते म्हणजे ती कळतेच असं गृहीत धरू नका. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या देवनागरी तक्त्यात जागा 128, पण जोडाक्षरं आणि मात्रांची पर्यायी रूपं धरली की फॉन्टमधल्या आकृत्या सहज काहीशेच्या घरात जातात. वेगवेगळ्या फॉन्टमध्ये ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘सर्वांना’, ‘दुसऱ्या’ हे शब्द टाइप करून मोठे छापा. रफार आणि अनुस्वार एकमेकांना चेंगरतात का, ‘ऱ्य’ नीट उमटतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हे पाहून टिपणं काढा. अशी दोन पानांची टिपणं अर्जाला जोडता आली, तर निव्वळ ‘मला लिपीची आवड आहे’ म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

सॉफ्टवेअरची फार धास्ती नको. फॉन्ट घडवण्यासाठी ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं, फॉन्टफोर्ज मोफत आहे, शिकायला तेवढं पुरतं. पानं रचायच्या इनडिझाइनमधल्या पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदांच्या मांडणीचे साठवलेले नियम) मात्र नीट यायला हव्यात.

उद्देशपत्रात बालपणीच्या सुलेखनाच्या वहीपासून सुरुवात करू नका. एक प्रश्न मांडा, तो तुम्हाला का सुटत नाही ते सांगा आणि त्याच संस्थेत तो का सुटू शकेल तेही. शिफारसपत्रं देणाऱ्यांना किमान महिनाभर आधी गाठा आणि त्यांना तुमचं काम पाठवा, नाहीतर ‘मेहनती आणि नम्र’ एवढंच लिहून येतं. भाषेची परीक्षा, शिष्यवृत्ती आणि प्रवेश यांच्या मुदती निरनिराळ्या असतात, तिन्ही एकाच कागदावर उतरवा. शिष्यवृत्तीची तारीख अनेकदा आधी संपते.

शेवटी पीडीएफ. फॉन्ट एम्बेड केलेत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेत ना ते तपासा, सांगितलेल्या आकारमानात फाइल बसवा आणि ती दुसऱ्याच्या संगणकावर व फोनवर उघडून बघा. टायपोग्राफीच्या अर्जात जोडाक्षर फुटलेलं दिसलं तर पुढचं पान कुणी उलटणार नाही. वापरलेल्या प्रत्येक फॉन्टचं नाव द्या आणि परवाना नसलेला फॉन्ट तर अजिबात वापरू नका, समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी तो घडवलेला असू शकतो.