विदर्भातल्या गावातून उलवे-उरणला बिऱ्हाड हलवताना: आधी शाळा, मग खोली

नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात किंवा तिथल्या गोदामांत नोकरी लागली की पहिली धावपळ खोलीसाठी होते. खोली स्वस्तात मिळते, बिऱ्हाड पोचतं आणि जूनमध्ये कळतं की मनाजोगी शाळा ट्रेलरच्या रस्त्यापलीकडे आहे. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी शाळा ठरवा, मग शाळेचा रस्ता बघा, त्यानंतर घर. सामानाचा विचार सगळ्यात शेवटी.

गुढीपाडव्याच्या आत ठरवा

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. उरण-पनवेलकडे जूनच्या मध्यालाच घंटा होते, आणि सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं सत्र तर एप्रिलमध्येच लागतं. आपल्याकडच्या हिशोबाने जूनअखेर पोचलेल्या पोराचा पहिला आठवडा बुडतो, वर्गात बाकही मागचा मिळतो. त्यात इकडे पेरणीचे दिवस तेच. दोन्हीकडे एकाच वेळी उभं राहता येत नाही.

सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा) आणि मक्त्याचा (ठरीव रकमेवर वावर कसायला देण्याचा) करार पाडव्याला होतो, म्हणून निर्णयाची शेवटची तारीखही पाडवाच धरा. वावर बटईने (पिकाच्या वाट्यावर) द्यायचं तर खताचा, फवारणीचा, मजुरीचा हिशोब पाहणारं घरचं कोणी गावात हवं. तसं कोणी नसेल तर रोख मक्ता बरा. पैसा थोडा कमी येतो, पण भांडण टळतं. करार कागदावर करा आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद) कोण करणार ते त्यातच लिहा. तिचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, उलव्यात बसून होत नाही. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि पुढे विम्याला, हमीभावाच्या कापूस विक्रीला अडतं.

पोरगं पहिलीत जाणार असेल आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर पाडवाही उशिराचा ठरतो. पत्ता भाड्याच्या घराचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तोही अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा. अर्ज उन्हाळ्याच्या पुष्कळ आधी सुटतात, तेव्हा खोली दिवाळीनंतर लगेच बघायला घ्या. शाळा घरापासून किती अंतरावर आहे, यावर प्रवेशाचा क्रम ठरतो. नकाशावर घराची खूण इमारतीवरच लावा, चौकावर नको.

दहावी-बारावीचं पोर असेल तर ते वर्ष हलवूच नका. आजी-आजोबांजवळ ठेवा, परीक्षा होऊ द्या. अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे गावात बसूनही तिकडच्या कॉलेजची पसंती भरता येते.

कोणता भाग

उलवे मुंबईला आणि नवी मुंबईच्या विमानतळाला जवळ. बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनं तिथलीच. द्रोणागिरी बंदराला लागून, भाडं तुलनेने हलकं, पण आजूबाजूला कंटेनर यार्ड. उरण हे जुनं गाव, बाजारपेठ आणि मराठी शाळा असलेलं. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल 2018 मध्ये आली, उरणपर्यंत जानेवारी 2024 मध्ये. या मार्गावर गाड्या हार्बर लाइनसारख्या पाठोपाठ नसतात. एक चुकली की पुढचीला बराच वेळ जातो, म्हणून शाळेची वेळ आणि गाडीची वेळ एकत्र मांडून बघा.

‘मुंबई वीस मिनिटांवर’ अशी जाहिरात दिसेल. ती अटल सेतूच्या (समुद्रावरून मुंबईला जाणाऱ्या पुलाच्या), तेही चारचाकीच्या हिशोबाची असते. 21.8 किलोमीटरच्या त्या पुलावर मोटारसायकल आणि ऑटोरिक्षाला बंदी आहे.

शाळा कशी पारखावी

रविवारी बघायला जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी पावणेसातला फाटकाबाहेर उभे राहा. पोरं पायी येतात की व्हॅनमधून, व्हॅनमध्ये किती कोंबली आहेत, रस्ता ओलांडायला कोणी माणूस आहे का, हे अर्ध्या तासात दिसतं. जासई, करळ फाटा या बाजूला चाळीस फुटी कंटेनर लादलेले ट्रेलर सतत धावतात. वळताना चालकाला डाव्या अंगाची सायकल दिसत नाही. गावात पोरगं सायकलने शाळेत जात होतं म्हणून इथेही जाईल, हे डोक्यातून काढा. हमरस्ता ओलांडावा लागत असेल तर ती शाळा कितीही नावाजलेली असो, बसची हमी असल्याशिवाय घेऊ नका.

मग आत जाऊन तीन गोष्टी विचारा: यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि वर्षभराच्या फीची छापील पावती. ‘सीबीएसई पॅटर्न’ असा बोर्ड लावणं म्हणजे संलग्नता नव्हे. क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही चाळा.

माध्यमाबद्दल स्पष्ट सांगायचं तर सहावी-सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला एकदम इंग्रजीत टाकलं की गणित-विज्ञान आधी कोसळतं, कारण अडचण गणिताची नसतेच, प्रश्न वाचण्याची असते. सेमी-इंग्रजीची तुकडी शोधा.

खोली

शाळा ठरली की तिच्याभोवती एक-दीड किलोमीटरात खोली बघा. भाग बराचसा सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) आखणीचा, पण मधेमधे मूळ गावठाणं आहेत. तिथे जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी ‘गरजेपोटी’, म्हणजे परवानगीविना, बांधलेल्या इमारती दिसतील. भाडं कमी, माणसं चांगली. पण भाडेकरार नोंदवायला मालक तयार आहे का, वीजमीटर वेगळा आहे का, हे आधी विचारा. नव्या टॉवरमध्ये भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. ते नसेल तर पाणी टँकरचं असण्याची शक्यता फार, आणि तो खर्च महिन्याच्या मेंटेनन्समधून तुमच्याच अंगावर येतो. जमीन सखल आणि भरावाची आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी समुद्राकडे उतरत नाही, म्हणून तळमजला टाळा. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर नवा रंग दिसला तर का दिला ते विचारा.

अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागतं. उदाहरणार्थ, भाडं 10,000 आणि अनामत 30,000 असेल तर अकरा महिन्यांचं भाडं 1,10,000, त्यात अनामतीवर दहा टक्के दराने अकरा महिन्यांचं धरलेलं व्याज 2,750. एकूण 1,12,750 वर शुल्क साधारण 282 रुपये. नोंदणी शुल्क आणि एजंटचा मेहनताना वेगळा. कोणी ‘सरकारी खर्च’ म्हणून पाच हजार मागितले तर हा हिशोब समोर ठेवा.

गाव सोडण्याआधीचे कागद

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मुख्याध्यापकांसमोरच वाचा: नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. नाव शाळेतून कमी झाल्यावर यातली चूक दुरुस्त करणं महाकठीण. सरल पोर्टलवर (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर) नवी शाळा विनंती पाठवते आणि जुनी ती मंजूर करते. आपल्याकडचे गुरुजी सुटीवर असले की गाडं इथेच अडतं, म्हणून त्यांचा नंबर नव्या शाळेला देऊन ठेवा. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं आरटीई कायदा सांगतो.

जात प्रमाणपत्र आणि पडताळणीची कामं मूळ जिल्ह्यातच होतात. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा (प्रवेश नोंदवहीतली नोंद), कोतवाल बुकाची (जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल आत्ताच काढून ठेवा. पुढे त्यासाठी सातशे किलोमीटरची फेरी पडते. रेशनकार्ड लगेच बदललं नाही तरी चालतं. त्याच कार्डावर अंगठा लावून तिकडे धान्य मिळतं, फक्त घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी.

काय न्यावं, काय ठेवावं

कुलर नेऊ नका. पाणी उडून जाताना हवा गार होते. तिकडच्या हवेत आधीच इतकी ओल असते की पाणी उडतच नाही. खोली दमट होते आणि गाद्यांना वास येतो. ट्रकमधली ती जागा सागवानी दिवाणाला द्या. प्लायवूडचं कपाट एका पावसाळ्यात फुगतं. लोखंडी कपाट न्यायचंच असेल तर बुडाला आणि सांध्यांना रंगाचा हात मारून घ्या, खाऱ्या वाऱ्याने गंज तिथूनच सुरू होतो.

गहू-ज्वारीची पोती भरून नेण्याचा मोह होईल. दोन महिन्यांपुरतंच न्या, तेही मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. पोत्यातल्या धान्याला श्रावणाच्या आत बुरशी धरते. तूरडाळीचंही तेच. कुरड्या, पापड, सांडया मात्र गावातूनच करून न्या. आपल्या अंगणात दोन दिवसांत खडखडीत वाळणारी कुरडी तिथल्या गॅलरीत चार दिवसांनीही मऊच राहते. दाखले, सातबारे, खरेदीखत प्लास्टिकच्या पाकिटात घालून डब्यात ठेवा, लोखंडी पेटीत नको.

ट्रकसाठी समृद्धी महामार्ग सोयीचा. वाशिम, यवतमाळकडून कारंजा लाडजवळ चढता येतं, आणि जून 2025 पासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण आहे. मोटारसायकल त्यावर चालत नाही, ती ट्रकमध्येच चढवा, पेट्रोल काढून. आमण्यापुढे ठाणे-नवी मुंबईकडे जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते. चालकाला त्या वेळा आधी विचारून मगच गावातून निघण्याची वेळ ठरवा. नाहीतर भरलेला ट्रक रस्त्याकडेला उभा राहतो आणि हमाल थांबल्याचे पैसे लावतात.