बरेच दिवस चाललेला ईमॅक्स कोसळतो तेव्हा: आधी बायनरी वाचवा

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर कोसळला की पहिला सल्ला येतो, ‘मायनस क्यू लावून बघ,’ म्हणजे स्वतःची कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) आणि पॅकेजेस न घेता चालव. सुरू होताच कोसळत असेल तर ठीक. चार दिवस चालून कोसळणाऱ्याला हा सल्ला देणारे सीनियर स्वतः पॅकेजेसशिवाय चार दिवस काम करून दाखवणार आहेत का? कॉन्फिग निम्मी-निम्मी कापत जाणंही तसंच, एकेका फेरीला आठवडा जातो. त्यापेक्षा पहिल्याच क्रॅशचा कोअर डंप (कोसळताना प्रोसेसच्या मेमरीची घेतलेली प्रत) हाती लागेल अशी तजवीज करा.

टर्मिनलमधलं यूलिमिट (कोअर किती मोठा होऊ द्यायचा ही मर्यादा ठरवणारी कमांड) फक्त तिथून सुरू केलेल्या प्रोसेसना लागू होतं. लॉगिनच्या वेळीच सुरू झालेल्या डेमनची (मागे चालत राहणाऱ्या ईमॅक्सची) कोअर-मर्यादा पीआरलिमिट कमांडने बदला. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) कोअर गोळा करत असेल तर तो कोअरडंपसीटीएल कमांडने मिळतो.

आता खरी मेख. प्रोसेस जुनी, डिस्कवरची बायनरी (चालवली जाणारी प्रोग्रॅम-फाइल) नवी. मधे कधीतरी पॅकेज अपडेट झालं, किंवा त्याच फोल्डरमध्ये तुम्ही पुन्हा मेक चालवून ईमॅक्स बिल्ड केला. लिनक्स जुनी फाइल चालू प्रोसेससाठी राखून ठेवतो, त्यामुळे एडिटर बिनतक्रार चालतो. क्रॅशनंतर मात्र जीडीबी या डीबगरला जुना कोअर आणि नवी बायनरी दिली जाते. ‘कदाचित जुळत नाही’ अशी एका ओळीची सूचना येते, वर सरकून जाते, आणि खाली अगदी पटण्यासारखा बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) छापला जातो. पत्ते जुन्या बायनरीतले, नावं नव्या बायनरीतली. त्यात दिसणारं फंक्शन कदाचित चाललेलंच नसतं, आणि तुम्ही त्याच्यामागे दिवस घालवता.

म्हणून एडिटर जिवंत असतानाच प्रॉक फोल्डरमध्ये त्याच्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) फोल्डरातली ‘एक्झी’ लिंक बघा. शेवटी ‘डिलीटेड’ असेल तर त्याच लिंकवरून सीपीने कॉपी करा, जुनी बायनरी अख्खी निघते. प्रोसेस मेली की ही वाट बंद. क्रॅशनंतर बिल्ड आयडी (प्रत्येक बिल्डची ओळख पटवणारा क्रमांक) ताडून बघा: बायनरीचा रीडएल्फ ही कमांड दाखवते, कोअरमधला ईयू-अनस्ट्रिप. तंतोतंत जुळला नाही तर तो बॅकट्रेस वाचूच नका. लायब्रऱ्यांचंही तेच. पण लिनक्स डिस्ट्रोच्या पॅकेजातून आलेला ईमॅक्स असेल तर फार घाबरू नका. डीबगइन्फोडी हा सर्व्हर बऱ्याचदा बिल्ड आयडीवरूनच जुने सिम्बॉल (फंक्शनांची नावं) आणून देतो.

क्रॅश गार्बेज कलेक्टरमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागात) दिसला तर कलेक्टरला दोष देऊ नका. मेमरी बहुधा आधीच कुठेतरी बिघडलेली असते, त्याला ती फक्त सापडते.

न सेव्ह केलेलं काम? ऑटो-सेव्ह मुळात दर ३०० कळांनी किंवा ३० सेकंद हात थांबले की होतं. रिकव्हर-सेशन चालवा, बहुतेक सगळं परत मिळेल.

ईमॅक्सच्या लिस्प फंक्शनांची साखळी दाखवणारा एक्सबॅकट्रेस मात्र कोअरवर चालत नाही, त्याला जिवंत प्रोसेस लागते. तेव्हा पुढच्या वेळी आधीच जीडीबी जोडा, ईमॅक्सच्या सोर्समधली .जीडीबीइनिट (जीडीबीसाठीची फाइल) लोड करा, टर्मिनेट_ड्यू_टू_सिग्नल वर ब्रेकपॉइंट (तिथे पोचताच प्रोसेस थांबवणारी खूण) ठेवा आणि कंटिन्यू द्या. हे सगळं वेगळ्या टर्मिनलमधून. त्याच ईमॅक्सच्या आतल्या शेलमधून जीडीबी जोडलात तर ईमॅक्स जागीच थिजेल, आणि कंटिन्यू टाइप करायला कीबोर्डच उरणार नाही.