घरात कुत्रा आहे आणि मांजर आणायचीय? मग आधी हे करा
सगळ्यात आधी समजून घ्या, दोघांची भाषाच वेगळी आहे. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुतेक वेळा तो खूश नाहीतर एक्साइट झालेला असतो, पण मांजर शेपूट फटाफट आपटायला लागली की समजा ती वैतागलीय, तिला सोडा. आणि पळणारं काही दिसलं की कुत्रा मागे धावणार, मांजर घाबरली की पळणार, सगळा राडा इथंच सुरू होतो.

म्हणून पहिले काही दिवस मांजर वेगळ्या खोलीत, दार बंद, वाळूचा ट्रे, पाणी सगळं आतच. तिच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याला हुंगायला द्या, त्याचं तिला. दाराच्या दोन बाजूंना दोघं शांतपणे जेवायला लागले की मगच भेट, तीही कुत्र्याला पट्टा लावून. मांजरीला चढायला उंच जागा हवीच हवी, आमची मनी पहिले आठ दिवस फ्रिजवर बसून खाली शेरूकडे बघत असायची, नवव्या दिवशी हळूच डोळे मिटले-उघडले तेव्हा कळलं की आता ती निवांत झालीय, मला तर रडूच आलं.

कुत्र्याने तिच्यावरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ द्या, ओरडू नका.

आणि हो, डॉगफूडवर मांजर ठेवू नका, तिला खाण्यातून टॉरीन नावाचं पोषकद्रव्य लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.