हरणांसाठी चाऱ्याचे शेत कसे तयार करावे
अमेरिकेतील विस्कॉन्सिन किंवा मिशिगनमध्ये स्वतःच्या जमिनीवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांना शिकारीसाठी आकर्षित करणारा चारा पेरायचा असेल, तर बियाण्याआधी मातीची तपासणी करून घ्यावी. जंगलालगतची माती बहुधा आम्लधर्मी असते आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ६ च्या खाली असल्यास महागडे खतही पिकाला पुरेसे लागू पडत नाही. आम्लता कमी करण्यासाठी टाकलेल्या चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून तो बराच आधी टाकावा.

पांढरा क्लोव्हर (तीन पानांचे चाऱ्याचे पीक) अनेक वर्षे टिकतो, मात्र त्याचे बी अत्यंत बारीक असल्याने ते पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नये. पिकात तारेच्या जाळीचा लहानसा पिंजरा रोवून ठेवावा: आतील व बाहेरील वाढीतला फरक पाहिला की हरणे किती चरतात हे नेमके कळते, आणि बाहेर नुसते खुंट उरले असतील, तर परवान्याच्या मर्यादेत माद्यांची शिकार वाढवणेच जमिनीच्या हिताचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमिषाविषयीचे, म्हणजे हरणांना ओढून आणण्यासाठी टाकलेल्या खाद्याविषयीचे नियम दरवर्षी तपासावेत. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणांच्या शिकारीला बंदी आहे.) मचाण अशा ठिकाणी बांधावे, की हंगामातील वारा चाऱ्याकडून मचाणाकडे येईल (म्हणजे हरणांना तुमचा वास लागणार नाही) आणि तिथवर जाताना मोकळे शेत ओलांडावे लागणार नाही.