पांढर कशी नोंदवावी: दख्खनमधील मध्ययुगीन वस्तीचे पृष्ठभाग-सर्वेक्षण

दख्खनच्या पठारावर जुन्या वस्तीचा शोध घेणाऱ्याने प्रथम मातीचा रंग पाहावा. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद गावकऱ्यांच्या बोलण्यात आजही आढळतो. कोसळलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख आणि कुजलेला कचरा यांचे थर साचून करड्या-पांढरट, भुसभुशीत मातीची टेकाडे तयार होतात, तीच पांढर. सातवाहनकाळापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्त्या पुष्कळदा एकाच टेकाडात एकीवर एक असतात, त्यामुळे पांढर सापडली एवढ्यावरून काळ ठरत नाही. पाचव्या ते चौदाव्या शतकातील वस्ती खोदकामाशिवाय कशी ओळखावी आणि नोंदवावी, एवढ्यापुरतेच येथे लिहिले आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा शेजारी ठेवून पाहिले, तर महसुली नोंदीत बेचिराख, म्हणजे ओसाड पडलेली, म्हणून आलेली किंवा विदर्भात रिठी म्हणून दाखवलेली गावे लक्षात येतात. जुने गावठाण, गढीमागचे शेत, पांढरीचा तुकडा अशी शेतांची नावे वयस्क माणसांकडून विचारून घ्यावीत. वाकाटक, राष्ट्रकूट आणि शिलाहार यांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा अनेकदा दिलेल्या असतात. प्रतिष्ठानाचे पैठण, करहाटकाचे कऱ्हाड आणि तगराचे तेर झाले हे खरे असले, तरी केवळ नावाच्या उच्चारसाम्यावर छोट्या गावाची ओळख पटवू नये. शेजारची दोन-तीन गावे आणि नदी यांचा मेळ बसला, तरच ती ओळख ग्राह्य धरावी.

प्रत्यक्ष पाहणीसाठी उन्हाळी नांगरट झालेली असावी आणि त्यावर वळवाचा एखादा पाऊस पडून गेलेला असावा, कारण त्या वेळी खापरे धुऊन वर आलेली असतात आणि गवत माजलेले नसते. शेतमालकाची परवानगी घेऊन, एकमेकांपासून सारख्या अंतरावर समांतर रेषांत चालावे आणि प्रत्येक रेषेवर ठरावीक टप्प्याने खापरांची दाटी मोजून तिचे स्थान मोबाइलमधील जीपीएसवर नोंदवावे. जेथे ओढ्याने किंवा माती नेणाऱ्यांनी टेकाड कापले असेल, तेथील उभी दरड नुसती निरखून पाहावी. राखेचे पट्टे, चोपलेल्या भुईच्या पातळ रेघा आणि विटांच्या रांगा तेथे पुष्कळदा स्पष्ट दिसतात. त्या दरडीत साधी खुरपीसुद्धा लावू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पांढरीची माती धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांवर टाकण्यासाठी आणि शेतात खत म्हणून गाडीगाडीने नेली जाते, आणि उकिरड्यातले खतही खापरांसकट शेतात पोहोचते. म्हणून काळ्या जमिनीत विरळ, झिजलेली, बारीक खापरे सर्वत्र पसरलेली दिसली, तर तेथे वस्ती होती असे मानू नये. वस्तीच्या जागी दाटी जास्त असते, तुकडे मोठे व धारदार कडांचे असतात आणि त्यांच्यासोबत दळायचे जाते, पाटा, लोहमळी (लोखंड गाळताना उरलेला मळ), मणी किंवा बांगड्यांचे तुकडे मिळतात.

काळ ठरवण्याचे काम मुख्यतः खापरांवर आणि बांगड्यांवर चालते. भांड्याचा काठ, गळा, तोटी व बूड यांचे तुकडे पोटाच्या तुकड्यांपेक्षा अधिक बोलके असल्याने त्यांची छायाचित्रे मोजपट्टीसह आणि आतून-बाहेरून काढावीत. 1945-46 मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांच्या वर बहमनीकालीन वस्ती मिळाली, आणि तेथील बहुरंगी काचेच्या बांगड्या पुढे त्या काळाची एक उपयुक्त खूण ठरल्या. बहमनी सत्ता 1347 मध्ये स्थापन झाली, म्हणजे या बांगड्या आपल्या कालखंडाच्या अगदी अखेरच्या किंवा त्यानंतरच्या, हे ध्यानात ठेवावे. चौल किंवा गुजरातेतील संजाण यांसारख्या किनाऱ्यावरील ठिकाणी पश्चिम आशियातील निळसर-हिरव्या झिलईची भांडी आणि चिनी भांड्यांचे तुकडे मिळतात. घाटमाथ्यावरील साध्या खेड्यात त्यांची अपेक्षा ठेवू नये. मातीच्या चिलमीचे तुकडे बहुधा तंबाखूच्या प्रसारानंतरचे, म्हणजे सतराव्या शतकातील किंवा त्यापुढचे असतात. शिवराई पैसा एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात होता, म्हणून शिवराई सापडली की वस्ती शिवकालीन, हा लोकप्रिय निष्कर्ष टाळावा.

खरी अडचण सहाव्या ते दहाव्या शतकांची आहे. सातवाहनकाळातील काळी-तांबडी भांडी चटकन ओळखू येतात आणि बहमनी बांगड्याही डोळ्यांत भरतात. मधल्या शतकांतली खापरे मात्र साधी, नक्षीविरहित आणि अद्याप पुरेशी वर्गीकृत न झालेली आहेत. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी गुप्तकाळानंतर भारतातील नगरांचा ऱ्हास झाल्याची मांडणी केली आणि तिच्यावर बराच वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी जे खापर आपल्याला ओळखता येत नाही ते वगळले, तर टेकाडावर चारशे वर्षे कोणी राहिलेच नाही असा आभास आपणच निर्माण करतो. म्हणून माझा आग्रह असा, की न ओळखलेल्या साध्या खापरांची स्वतंत्र नोंद संख्येसह ठेवावी, आणि अहवालात त्या भागाला ‘रिकामा काळ’ म्हणू नये.

गावातील दगडांकडे नंतर वळावे. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचे स्मृतिदगड), सतीशिळा आणि गधेगळ (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या शिल्पातून शाप देणारे दगड) बहुतेक वेळा मूळ जागेवरून हलवून मंदिराच्या आवारात आणून ठेवलेले असतात, तेव्हा ते आधी कोठे होते हे विचारून घ्यावे. अलिबागजवळील आक्षीचा, शके 934 (इ.स. 1012) असा वाचला गेलेला लेख गधेगळावरच आहे, म्हणून असा दगड दिसला की त्यावर अक्षरे आहेत का ते पाहावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळण्याची पद्धत वाईट आहे आणि शेंदूर खरवडणे त्याहून वाईट. रात्री बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडला, की झिजलेली अक्षरेही वाचण्याइतपत उमटतात. यादवकालीन मंदिर उभे आहे म्हणून आजूबाजूचे गाव त्याच काळातले, असेही गृहीत धरू नये.

खापरे घरी नेऊ नयेत, नाणी विकत घेऊ नयेत. उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तयार झालेली नोंद, नकाशा आणि छायाचित्रे यांची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आणि एक ग्रामपंचायतीकडे द्यावी. पांढरीची माती उचलण्याचा विषय पुढे निघतो, तेव्हा ग्रामपंचायतीकडची प्रत अधिक उपयोगी पडते.