इलेक्ट्रॉनमध्ये ग्राफिक्सची विंडो: उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत

जावास्क्रिप्टमधून डेस्कटॉपवर आलेख किंवा अ‍ॅनिमेशन दाखवायचं असेल, तर इलेक्ट्रॉनमध्ये (वेब तंत्रज्ञानाने डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) विंडो उघडते मुख्य प्रोसेस (ॲप चालवणारा भाग) आणि चित्र काढते रेंडरर प्रोसेस (विंडोतलं पान दाखवणारा भाग). बहुतेक घोळ ही दोन कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

ब्राउझरविंडो, म्हणजे इलेक्ट्रॉनची विंडो, तयार करायची ती ॲपचा ‘रेडी’ इव्हेंट आल्यावरच. आधी केली तर एरर येते. रुंदी-उंची दिली नाही तर 800 × 600 ची विंडो मिळते. पण हे माप चौकट आणि टायटल बारसकट असतं, त्यामुळे तेवढाच कॅनव्हास (पानावरचा चित्र काढायचा घटक) आत ठेवला की स्क्रोलबार उगवतात. ‘यूज कंटेंट साइझ’ ट्रू केलं की तेच माप आतल्या पानाला लागू होतं. उघडताना क्षणभर पांढरा झोत दिसतो, तो टाळायला ‘शो’ फॉल्स ठेवा आणि ‘रेडी टू शो’ आल्यावर विंडो दाखवा.

रेषा धूसर दिसत असतील तर दोष बहुधा स्केलिंगचा. विंडोजमध्ये 150 टक्के स्केल असेल तर डिव्हाइस पिक्सेल रेशो (सीएसएसच्या, म्हणजे पानाच्या मांडणीतल्या, एका पिक्सेलमागे पडद्याचे किती पिक्सेल) 1.5 येतो. अशा वेळी सीएसएसमध्ये 800 पिक्सेल रुंद असलेल्या कॅनव्हासची स्वतःची रुंदी 1200 हवी. आधी रुंदी-उंची द्या, मगच कॉन्टेक्स्टला (ज्यातून कॅनव्हासवर चित्र काढतो ते ऑब्जेक्ट) 1.5 ने स्केल करा. क्रम उलटा झाला तर स्केल पुसलं जातं, कारण कॅनव्हासची रुंदी बदलली की चित्र आणि कॉन्टेक्स्टच्या सगळ्या सेटिंग्ज कोऱ्या होतात. विंडो वेगळ्या स्केलच्या मॉनिटरवर सरकवली की हे पुन्हा करावं लागतं.

विंडो लपली किंवा मिनिमाइझ झाली की अ‍ॅनिमेशन थबकतं. हे वीज वाचवण्यासाठीच आहे, शक्यतो तसंच राहू द्या. अगदीच गरज असेल तर ‘बॅकग्राउंड थ्रॉटलिंग’ फॉल्स करता येतं.

अनेक विंडो असतील तर त्या आयडीनुसार एका मॅपमध्ये (आयडी आणि विंडो यांच्या जोड्यांची यादी) ठेवा आणि ‘क्लोज्ड’ आल्यावर नोंद काढून टाका. नाहीतर बंद झालेल्या विंडोवर मेथड चालवली जाते आणि ‘ऑब्जेक्ट हॅज बीन डिस्ट्रॉइड’ ही एरर येते. म्हणूनच विंडोची जागा जपून ठेवायची असेल तर ती ‘क्लोज्ड’मध्ये नव्हे, ‘क्लोज’मध्ये (विंडो बंद होण्याआधी येणारा इव्हेंट) वाचा, आणि विंडो मॅक्सिमाइझ असू शकते म्हणून ‘गेट नॉर्मल बाउंड्स’ने वाचा. पुढच्या वेळी ती जागा लावण्यापूर्वी जोडलेल्या डिस्प्लेंच्या ‘वर्क एरिया’शी (टास्कबार वगैरे वगळून उरलेली जागा) ताडून पाहा; दुसरा मॉनिटर काढलेला असेल तर विंडो पडद्याबाहेर उघडते आणि ॲप सुरूच झालं नाही असं वापरणाऱ्याला वाटतं.