इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी नेमकी कुठे द्यायची?

जिथलं अक्षर गळलं, तिथेच अपॉस्ट्रॉफी. 'डू नॉट'चं 'डोन्ट' होताना 'नॉट'मधला ओ जातो, म्हणून चिन्ह एन आणि टीच्या मधे येतं. एनच्या आधी दिलं की चुकलं.

मालकी दाखवताना एकवचनी नामाला आधी चिन्ह, मग एस. एसने संपणाऱ्या अनेकवचनाला शेवटी नुसतं चिन्ह. 'चिल्ड्रन'ला मात्र दोन्ही.

खरा घोळ 'इट्स'चा. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' हे वाक्य घ्या. 'इट्स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून मोठ्याने वाचा. वाक्य कोलमडतं ना? मग चिन्ह नको: 'हिज', 'हर्स'सारखंच हे सर्वनाम मुळातच मालकी सांगतं. वाचताना अर्थ लागला, तरच टी आणि एसच्या मधे चिन्ह द्या.